हरलेल्या अमेंडमेंट्सचा प्रोफेसर

प्रा. के. टी. शहा हे नाव आज कानावर पडतं ते एकाच भांडणात. संविधानाच्या उद्देशिकेतले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द ठेवायचे की काढायचे हा वाद दर थोड्या वर्षांनी पेटतो, मग कोणीतरी फॉरवर्ड टाकतं की बघा, १९४८ ला शहांनी हे शब्द घालायची सूचना केली होती आणि खुद्द बाबासाहेबांनी ती फेटाळली. झालं. एका बाजूचं काम झालं की शहा परत कपाटात. हा माणूस कोण होता, त्याने अजून काय काय मांडलं होतं, त्याचं पुढे काय झालं, ह्याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या मते संविधान सभेतला सगळ्यात जास्त वाचला जावा असा हरलेला माणूस म्हणजे शहा. आज आपल्या संसदेत आणि विधानसभेत जे चाललंय त्याबद्दल बोलायचं असेल तर जिंकलेल्यांची भाषणं पुरत नाहीत, हरलेल्यांचीही वाचावी लागतात, आणि त्यात पहिला नंबर ह्यांचा लागतो.

आधी थोडक्यात माणूस. खुशाल तलकशी शहा, जन्म १८८८, गुजराती, शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, ग्रेज इन ह्या लंडनच्या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर, आणि मग मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्रोफेसर. म्हणजे लंडनची तीच शाळा, तीच इन आणि तीच मुंबई जी बाबासाहेबांच्याही वाट्याला आली. विषयसुद्धा जवळचे, दोघांनीही ब्रिटिश सरकारच्या तिजोरीचा हिशोब उघडून बघितला, कर कुठून येतो, पैसा कुठे जातो, ह्या देशाची कर द्यायची ऐपत नेमकी किती. पुढे संविधान सभेत हे दोघं समोरासमोर उभे राहिले तेव्हा ते दोन अर्थतज्ज्ञ आणि दोन बॅरिस्टर बोलत होते हे लक्षात ठेवायला हवं, त्याशिवाय त्या चर्चेची पातळी कळत नाही.

शहांच्या राजकारणातलं पहिलं मोठं काम १९३८ चं. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी राष्ट्रीय नियोजन समिती काढली, नेहरू अध्यक्ष झाले आणि शहा मानद सरचिटणीस. काम मुंबईत. समितीत विश्वेश्वरय्या, मेघनाद साहा, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी, खादी-ग्रामोद्योगवाले कुमारप्पा अशी एकमेकांशी अजिबात न पटणारी मंडळी होती, आणि कुमारप्पा तर लवकरच बाहेर पडले. एकूण २९ उपसमित्या. त्यातली एक स्त्रियांच्या स्थानाबद्दलची, तिच्या अध्यक्ष राणी लक्ष्मीबाई राजवाडे, आणि त्या काळात त्या उपसमितीने म्हटलं होतं की बाई घरात जे काम करते त्याचं आर्थिक मोल धरलं पाहिजे. १९४० मध्ये नेहरू तुरुंगात गेले, युद्ध सुरू होतं, समितीचं काम ठप्प झालं. पण शहांनी कागद सोडले नाहीत, पुढची काही वर्षं लागून एकेक अहवाल संपादित करून छापून काढला. ह्या कामात ना टाळ्या ना पद. आणि १९५० च्या मार्चमध्ये खरोखरचं प्लॅनिंग कमिशन बसलं तेव्हा नेहरू, नंदा, व्ही. टी. कृष्णम्माचारी, चिंतामणराव देशमुख, जी. एल. मेहता, आर. के. पाटील अशी नावं आली, शहांचं नाव नव्हतं. बारा वर्षं जी गोष्ट जपली ती सरकारात आली आणि जपणारा बाहेर राहिला.

संविधान सभेत ते बिहारमधून निवडून आले होते. तिथे त्यांनी जे केलं ते मला राजकारणातल्या प्रोफेसरचं खरं काम वाटतं. मसुद्याच्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या कलमावर ते लेखी सूचना, म्हणजे अमेंडमेंट, देत, उठून मांडत, कारणं सांगत, आणि बहुतेक वेळा मतदानात पडत. परत पुढच्या कलमाला हजर. सभेत एकूण ७,६३५ सूचना आल्या होत्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि ह्या ढिगात शहांचं नाव इतक्या वेळा येतं की चर्चांचे खंड चाळताना कंटाळासुद्धा येऊ शकतो. पण थांबून वाचलं की कळतं, ह्यातल्या कितीतरी गोष्टी पुढच्या सत्तर वर्षांत दुसऱ्या दाराने परत आल्या.

आता ते प्रसिद्ध प्रकरण. १५ नोव्हेंबर १९४८. शहांची सूचना उद्देशिकेत शब्द घालायची नव्हतीच, ती पहिल्या कलमावर होती: भारत हा सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट असा राज्यांचा संघ असेल. बाबासाहेबांनी नाही म्हटलं आणि दोन कारणं दिली. एक, समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, आज आपण ते संविधानात कोरून ठेवलं तर पुढच्या पिढीचं स्वातंत्र्य काढून घेतो. दोन, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे सरकारने कुठल्या दिशेने जावं हे सांगणाऱ्या पण कोर्टात मागता न येणाऱ्या भागात, ह्या दिशेच्या तरतुदी आधीच आहेत, मग वेगळा शब्द कशाला. म्हणजे त्यांचं उत्तर जवळजवळ पूर्ण 'सोशलिस्ट' ह्या शब्दाबद्दल होतं. सेक्युलर राज्य नको असं ते कुठेच म्हणाले नाहीत. जे लोक आज ह्या एका दिवसाचा दाखला देऊन बाबासाहेबांना धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात उभं करतात त्यांनी ते उत्तर वाचलेलं नाही किंवा वाचून लपवलंय. तसंच दुसऱ्या बाजूचेही लोक शहांची सूचना पडली हे सांगायचं टाळतात, तेही बरोबर नाही.

पण मला ह्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९४८ ला हे शब्द आले, त्यावर खुली चर्चा झाली, मसुदा समितीच्या अध्यक्षाने कारणं देऊन नाही म्हटलं. १९७६ ला हेच दोन शब्द ४२ व्या घटनादुरुस्तीने आले तेव्हा आणीबाणी होती, विरोधी पक्षाचे कितीतरी नेते तुरुंगात होते, लोकसभेची मुदतच वाढवून घेतलेली होती. माझा त्या शब्दांना विरोध नाही, ४४ व्या दुरुस्तीच्या वेळी जनता सरकारनेही ते काढले नाहीत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते काढायची मागणी फेटाळली, तो विषय माझ्यासाठी संपलेला आहे. पण लोकशाही म्हणून बघाल तर १९४८ ची ती नकाराची दुपार मला १९७६ च्या होकारापेक्षा कितीतरी मोठी वाटते. शहा हरले, पण त्यांना उत्तर मिळालं. हे उत्तर मिळणं हाच माझ्या सगळ्या म्हणण्याचा मुद्दा आहे.

दुसरं उदाहरण ह्याहून जास्त बोलकं आहे आणि त्याबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही. तारीख २९ नोव्हेंबर १९४८. आता ज्याला आपण कलम १५ म्हणतो, भेदभाव करायचा नाही हे सांगणारं, त्यात स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची मुभा सरकारला दिली होती. शहा म्हणाले, ह्यातच अनुसूचित जाती आणि मागास जमाती हेही शब्द घाला, त्यांच्या भल्यासाठी, संरक्षणासाठी काही खास करायचं तर सरकारचे हात बांधलेले नकोत. ऐकायला किती साधं वाटतं. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की ह्या शब्दांचा उलटाच परिणाम होऊ शकतो, उद्या एखादं सरकार गावातली सगळ्यांची शाळा सोडून दलित मुलांसाठी वेगळी शाळा काढेल आणि वर म्हणेल की आम्ही तर खास तरतूद करतोय, संविधानच परवानगी देतं. आपल्याला वेगळं काढणं संपवायचंय, त्याला पळवाट द्यायची नाही.

हा युक्तिवाद करणारा माणूस शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसलेला होता, त्यामुळे ह्या भीतीला पुस्तकी म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही आणि होऊही नये. शहांच्या चांगल्या हेतूला जे दिसलं नाही ते बाबासाहेबांना अनुभवातून दिसत होतं. सूचना पडली.

आणि मग अडीच वर्षांत काय झालं बघा. एप्रिल १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने चंपकम दोरायराजन केसमध्ये मद्रास सरकारचा कॉलेजच्या जागा जातवार वाटणारा आदेश रद्द केला. लगेच पहिली घटनादुरुस्ती आली, जून १९५१ मध्ये लागू झाली, आणि तिच्यातून कलम १५ ला चौथं उपकलम जोडलं गेलं: सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, अनुसूचित जाती आणि जमाती ह्यांच्या प्रगतीसाठी राज्य खास तरतूद करू शकतं. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते आणि ह्या दुरुस्तीच्या बाजूने ते संसदेत बोलले. आज कॉलेज ॲडमिशनमधलं आरक्षण, ज्यावर महाराष्ट्रात एवढे मोर्चे निघतात, एवढ्या कोर्टकचेऱ्या होतात, त्याचा मोठा पाया ह्या १५(४) वर आहे.

ह्याचा अर्थ शहा बरोबर आणि बाबासाहेब चूक असा काढणाऱ्याशी मी सहमत नाही. शहांचे शब्द तसेच्या तसे स्वीकारले असते तरी मद्रासचा तो आदेश टिकला नसता, कारण तो पडला कलम २९(२) वर, म्हणजे सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळा-कॉलेजात जात-धर्मावरून प्रवेश नाकारू नका म्हणणाऱ्या कलमावर, आणि म्हणूनच १५(४) मध्ये २९ चा वेगळा उल्लेख करावा लागला. शिवाय शहांच्या शब्दांत ओबीसी कुठेच नव्हते. पण अडचण कुठे येणार हे त्यांनी आधी दाखवलं होतं, आणि ती सूचना का नको ह्याचं कारणही कागदावर राहिलं, त्यामुळे आज आपण दोन्ही बाजू शेजारी ठेवून विचार करू शकतो. वेगळी वागणूक मदतीसाठी की वेगळं काढण्यासाठी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही, आश्रमशाळांबद्दल, वसतिगृहांबद्दल बोलताना तो येतोच, आणि त्याची सगळ्यात स्वच्छ मांडणी मला त्या एका दिवसाच्या चर्चेत सापडते.

त्याच दिवशी अस्पृश्यता बंद करणारं कलमही आलं, आताचं १७. सगळी सभा भारावलेली. आणि शहा उठून विचारतात की अस्पृश्यता म्हणजे काय ह्याची व्याख्या कुठे आहे? काही दिवसांत बायकांनाही अस्पृश्य मानलं जातं, तेही ह्या कलमाखाली गुन्हा धरायचं का? १९४८ साल, जवळजवळ सगळी पुरुषांची सभा, आणि हा माणूस विटाळाचा विषय भर सभागृहात काढतोय. व्याख्या काही आली नाही, कलमात आजही नाही. पण सत्तर वर्षांनी, २०१८ च्या शबरीमला मंदिर प्रवेशाच्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी ह्याच चर्चेचा आधार घेतला आणि मासिक पाळीच्या कारणाने बाईला बाहेर ठेवणं हाही कलम १७ मध्ये येणारा प्रकार आहे असं लिहिलं. तो त्यांच्या एकट्याच्या निकालपत्रातला भाग होता, न्या. इंदू मल्होत्रांना तर तो मुद्दा अजिबात मान्य नव्हता, आणि तो विषय पुढे मोठ्या खंडपीठाकडे गेला. तरी हरलेल्या, किंवा खरं तर दुर्लक्षित राहिलेल्या, एका प्रश्नाला कोर्टात दुसऱ्यांदा उभं राहता आलं, कारण तो विचारला गेला होता आणि लिहून ठेवला गेला होता.

आता मंत्र्यांचं. डिसेंबर १९४८ च्या शेवटी मंत्रिमंडळाचं कलम चर्चेला आलं तेव्हा शहांनी दोन गोष्टी मागितल्या. मंत्री होताना आपली मालमत्ता, धंद्यातले हितसंबंध जाहीर करा. आणि देशद्रोह, लाचखोरी, भ्रष्टाचार, नैतिक अधःपतन अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला मंत्री करू नका. बाबासाहेबांनी हेतू चांगला आहे हे मोकळेपणाने मान्य केलं. मालमत्तेबद्दल त्यांचं म्हणणं असं की नुसतं येताना जाहीर करून काय होणार, जाताना पण करावं लागेल, वाढ कशी झाली हे विचारावं लागेल, शिक्षा ठेवावी लागेल, नाहीतर तो कागद राहील. आणि शिक्षा झालेल्यांबद्दल म्हणाले की पंतप्रधान, कायदेमंडळ आणि लक्ष ठेवून असलेली जनता ह्यांच्यावर विश्वास ठेवूया.

मी हे उत्तर जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्या पिढीचा विश्वास दिसतो आणि आपण त्याचं काय केलं हेही दिसतं. उमेदवारांनी गुन्हे आणि संपत्ती जाहीर करायची ही गोष्ट यायला २००२ उजाडलं, तीही सुप्रीम कोर्टाने सांगितली म्हणून, आणि संसदेने तेव्हा ती पातळ करायचा प्रयत्न केला तो कोर्टाने २००३ ला हाणून पाडला. २०१४ मध्ये मनोज नरुला केसमध्ये प्रश्न आला की गंभीर आरोप असलेल्यांना मंत्री करता येईल का, तेव्हा पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने शहांची सूचना आणि बाबासाहेबांचं उत्तर दोन्ही काढून वाचलं आणि म्हटलं, आम्ही नवीन अपात्रता तयार करू शकत नाही, पण पंतप्रधानांनी हा विश्वास जपावा. म्हणजे ६५ वर्षांनी आपण परत तिथेच. ऑगस्ट २०२५ मध्ये १३० व्या घटनादुरुस्तीचं बिल आलं, पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात अटक होऊन सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याचं पद जाईल असं त्यात आहे, ते संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. इथे माझं स्पष्ट मत सांगतो. शहांची १९४८ ची भाषा ह्या बिलापेक्षा चांगली होती. ते शिक्षा झालेल्याबद्दल बोलत होते, अटक झालेल्याबद्दल नाही. अटक पोलीस करतात आणि पोलीस सरकारचे असतात, शिक्षा कोर्ट देतं, एवढा साधा फरक आहे, आणि तो फरक त्या माणसाने आपल्या सूचनेत जपला होता जेव्हा देशात अजून एकही सार्वत्रिक निवडणूक झालेली नव्हती.

मार्गदर्शक तत्त्वांवर त्यांनी केलेली टीका तर आजही पाठ असावी अशी. ते म्हणाले की हा बँकेवरचा असा चेक आहे जो बँकेला जमेल तेव्हाच वटणार. त्यांना ही तत्त्वं सरकारवर बंधनकारक हवी होती. टी. टी. कृष्णम्माचारींनी तर त्या भागाला भावनांची कचराकुंडी म्हटलं होतं, पण त्यांचा राग वेगळा आणि शहांचा वेगळा, शहांना ती वचनं खरी करायची होती. एकाच तत्त्वाला मुदत घातली गेली, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण. म्हणजे १९६० पर्यंत. झालं कधी? ८६ वी घटनादुरुस्ती २००२, आणि शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१०, तोही सहा ते चौदा वयापुरता. पन्नास वर्षांचा उशीर. ज्या एका वचनाला तारीख होती त्याची ही गत, मग ज्यांना तारीखच नव्हती त्यांचं काय बोलायचं. ज्या पोरी १९६५ ला, १९७० ला चौथीतून काढून शेतावर नाहीतर धुण्याभांड्याला पाठवल्या गेल्या त्यांना ह्या चेकचा काय उपयोग झाला, ह्याचं उत्तर कोणाकडेच नाही, आणि ह्या ठिकाणी मी पूर्णपणे शहांच्या बाजूने आहे.

सगळीकडे नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. शहांना राष्ट्रपती थेट जनतेने निवडलेला हवा होता, आणि कायदेमंडळ, सरकार, न्यायसंस्था ह्यांच्यात अमेरिकेसारखी पक्की भिंत हवी होती. मला ते धोक्याचं वाटतं. थेट निवडून आलेला राष्ट्रपती आणि लोकसभेतून आलेला पंतप्रधान असे दोन जण जनतेचा कौल आपलाच म्हणत समोरासमोर उभे राहिले असते तर नव्या देशाचं काय झालं असतं कोण जाणे, आणि सगळी सत्ता राष्ट्रपतीलाच दिली असती तर पहिल्याच दशकात कोणीतरी ती कायमची धरून बसलं असतं अशी भीती आहे, शेजारच्या देशांत काय झालं ते आपण बघितलंय. सरकारी नियोजनावरचा त्यांचा विश्वासही फार होता. वरून नीट आखलं की खाली नीट होईल हे त्या काळातल्या बऱ्याच हुशार माणसांना वाटायचं, त्यातलेच हे. लायसन्स मिळवायला खेटे घालणारा छोटा कारखानदार त्यांच्या आखणीत कुठे दिसत नाही. आणि कधी कधी ते इतकं सगळं एका सूचनेत कोंबायचे की मतदानात ती पडणारच होती, जिंकायची कला त्यांच्याकडे नव्हती असं म्हणायला हरकत नाही.

पण जिंकणं हे त्यांचं काम होतं का? इथे मला भांडायचंय. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला राजकारणात दोनच जागा ठेवल्यात. एक तर सत्तेचा सल्लागार, कमिटीवर, आयोगावर, अहवाल द्यायचा आणि गप्प बसायचं. नाहीतर टीव्हीवरचा विश्लेषक. सभागृहात उभं राहून सरकारच्या मसुद्यातल्या शब्दावर बोट ठेवणारा, पर्यायी शब्द लिहून देणारा आणि मतदानात पडूनही दुसऱ्या दिवशी येणारा अभ्यासू माणूस, ही तिसरी जागा आपण घालवलीय. नुसता विरोध करणं सोपं असतं. शहांची प्रत्येक सूचना ही तयार कलमाच्या भाषेत असायची, म्हणजे मंजूर झाली तर तशीच छापता येईल अशी. त्यासाठी रात्री बसून लिहावं लागतं.

आणि अशा माणसाला किंमत आहे हे सगळ्यात आधी ओळखलं ते त्यांच्या सूचना पाडणाऱ्यानेच. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं शेवटचं भाषण सगळ्यांना माहीत आहे, विसंगतीच्या जीवनात प्रवेश करतोय वगैरे भाग दरवर्षी फिरतो. पण त्याच भाषणात आधी ते म्हणतात की सगळेच पक्षशिस्तीने वागले असते तर हे कामकाज नीरस झालं असतं, आणि मग बंडखोरांची नावं घेतात, कामत, आपले अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, आणि त्यांच्या जोडीला प्रा. के. टी. शहा आणि हृदयनाथ कुंझरू. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, हे लोक नसते तर मला संविधानामागची तत्त्वं समजावून सांगायची संधीच मिळाली नसती आणि ते काम नुसतं कलमं मंजूर करण्यापेक्षा महत्त्वाचं होतं, अशा अर्थाचं ते बोलले. हा भाग कोणी फिरवत नाही. विरोधकामुळे मला माझं म्हणणं सांगता आलं, असं म्हणणारा मंत्री तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?

आज काय होतं ते बघा. १५ व्या लोकसभेत (२००९-१४) साधारण ७१ टक्के बिलं समित्यांकडे जात होती, १७ व्या लोकसभेत (२०१९-२४) ते प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. तीनपैकी दोन कृषी कायदे २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने झाले, विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, मागितली ती मिळाली नाही, आणि वर्षभर शेतकरी रस्त्यावर बसल्यावर २९ नोव्हेंबर २०२१ ला ते तिन्ही कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय रद्दही झाले. येताना उत्तर नाही, जाताना उत्तर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये १४६ खासदार निलंबित होते आणि त्याच अधिवेशनात देशाचे तिन्ही फौजदारी कायदे बदलले, ते समितीकडे जाऊन आले होते हे खरं, पण सभागृहात कलमावर कलम भांडणारं कोण उरलं होतं? आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं बिल लोकसभेत झालं तेव्हा सभागृहाचं प्रक्षेपण बंद होतं आणि सत्ता काँग्रेसची होती. आणीबाणीचं तर वर लिहिलंच आहे. जो सत्तेत असतो त्याला सूचना म्हणजे अडथळा वाटतो आणि जो विरोधात असतो त्याला फलक धरणं हे सूचना लिहिण्यापेक्षा सोपं वाटतं, दोघं मिळून ही जागा रिकामी करतात.

ह्यात तोटा कोणाचा? लगेचचा विरोधकांचा वाटतो, पण खरा तोटा पन्नास वर्षांनंतरच्या माणसाचा आहे. उद्या एखादा कायदा कोर्टात गेला, किंवा त्याने कोणाचं आयुष्य मोडलं, तर तेव्हाचा न्यायाधीश, वकील, विद्यार्थी सभागृहाची नोंद काढेल आणि तिथे त्याला गोंधळ, घोषणा, 'बिल मंजूर' एवढंच मिळेल. ही अडचण कोणाला दिसली होती का, दिसली असेल तर सरकारने काय उत्तर दिलं, ह्याचा पत्ताच नाही. शबरीमला असो, मनोज नरुला असो, कोर्टाला १९४८ मध्ये हात घालता आला कारण तिथे हात घालण्यासारखं काही होतं.

१९५२ मध्ये शहा राष्ट्रपतिपदाच्या पहिल्या निवडणुकीत डाव्यांच्या पाठिंब्याने राजेंद्रबाबूंच्या विरोधात उभे राहिले. ज्या अप्रत्यक्ष पद्धतीला त्यांनी संविधान सभेत विरोध केला होता त्याच पद्धतीने, कारण आता ती देशाची पद्धत होती. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मूल्याची मतं, शहांना ९२,८२७. लक्ष्मण गणेश थत्ते हेही एक उमेदवार होते, त्यांना २,६७२. निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता. तरी मला हे उभं राहणं आवडतं, कारण पहिल्याच निवडणुकीत राष्ट्रपती खऱ्या लढतीशिवाय निवडून आले असते तर ती प्रथा पडली असती. पुढच्या वर्षी, मार्च १९५३ मध्ये शहा गेले.

माझी मागणी मोठी नाही. संविधान सभेच्या चर्चा मराठीत, साध्या भाषेत, कलमवार शोधता येतील अशा सहज उपलब्ध व्हाव्यात, आणि त्यात पडलेल्या सूचनाही मंजूर झालेल्यांच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरात छापल्या जाव्यात. विधानमंडळाने प्रत्येक बिलाबरोबर कोणी कोणती सूचना दिली, मंत्र्याने काय उत्तर दिलं, कोणी कुठे मत दिलं हे मराठीत आठवड्याभरात लोकांपुढे ठेवावं. एका जरी सदस्याने मतविभागणी मागितली तर ती घेतलीच पाहिजे, आवाजावर सोडता कामा नये. आणि कलमावर लेखी सूचना आली की मंत्र्याने तिला कारणासकट उत्तर द्यायचं, 'फेटाळली' एवढ्यावर भागवायचं नाही, हा नियम सभागृहाच्या नियमावलीत घातला तर त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, नव्या कायद्याचीही गरज नाही, सभागृहाने ठरवलं तर पुढच्याच अधिवेशनापासून होऊ शकतं.